मदत हवी आहे: गोळ्यांच्या डब्यासाठी छोटी काटकोनी गिअर मोटर कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी. वडिलांसाठी वेळेवर गोळी पुढे सरकवणारा डबा बनवतोय. 7 दिवस, रोज 4 वेळा, म्हणून गोल थाळीत 28 खण. म्हणजे दर वेळी थाळी साधारण 12.9 अंश फिरायला हवी. भरलेल्या थाळीचं वजन 300 ग्रॅमच्या आसपास.

अडचण उंचीची आहे. थाळीखाली जेमतेम 22 मिमी जागा उरते. साधी एन-20 (छोटी गिअर मोटर) उभी बसत नाही, गिअरबॉक्ससकट 24 मिमी भरते आणि वर शाफ्ट (बाहेर येणारा फिरता दांडा) वेगळा. म्हणून मोटर आडवी आणि शाफ्ट काटकोनात वर, असंच हवं.

आधी खेळण्यांतली पिवळी टीटी मोटर (रेशो 1:48, म्हणजे मोटर 48 वेळा फिरली की शाफ्ट एकदा) लावून पाहिली. वेग फार, आणि बंद असतानाही थाळी हाताने फिरते. वडिलांचा हात थरथरतो, धक्का लागून खण सरकला तर चुकीची गोळी हातात येईल. हे मला अजिबात चालणार नाही. त्यामुळे वर्म गिअरवालीकडे (स्क्रूसारखा वर्म दातेरी चाक फिरवतो ती) कल आहे, कारण जास्त रेशोचा वर्म शाफ्टकडून उलटा फिरत नाही. पण त्यात घर्षणाने ताकद बरीच वाया जाते, आणि माझ्याकडे एकच 3.7 व्होल्टचा लिथियम सेल आहे.

6 व्होल्टची वर्म मोटर 3.7 वर भरवशाने सुरू होते का? थाळीचं वजन थेट शाफ्टवर देऊ की वेगळं बेअरिंग लावू? खण मोजायला एन्कोडर (शाफ्ट किती फिरला ते मोजणारा सेन्सर) घ्यावा, की थाळीच्या कडेला खाचा पाडून लिमिट स्विच (खाच आली की चालू-बंद होणारा छोटा स्विच) पुरेल? गिअरमधल्या ढिलाईमुळे मला स्विचच बरा वाटतो. कुणी प्रत्यक्ष वापरली असेल तर आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि रेशो नक्की सांगा.