पूल बंद आहे, वळसा घाला

मुंबईत रुळांच्या पलीकडे जायचं तर पूल हवा, आणि पूल म्हटलं की हल्ली पत्रे ठोकलेले दिसतात. 3 जुलै 2018ला अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. त्यानंतर जुन्या पुलांच्या तपासण्यांना जोर आला आणि एकामागून एक पूल पाडायला निघाले. म्हातारे पूल पाडायला हवेत, यावर वाद नाही. पण पूल नसताना माणसं काय काय शोधून काढतात, ते मला ऐकायचंय. पक्षांची भांडणं दुसरीकडे करू. इथे फक्त आपापला वळसा सांगा.

अंधेरी पूर्व
सुरुवात मीच करते, गोखले पूल आमचाच. नोव्हेंबर 2022मध्ये तो पूर्ण बंद झाला. मुलीचा क्लास पश्चिमेला. रिक्षावाले "वेस्ट?" एवढंच विचारायचे आणि आमचं "हो" पूर्ण व्हायच्या आत पसार. सबवेचा भरवसा नाही, तो जरा जोराच्या सरी आल्या की तुंबतो. शेवटी सासूबाईंनी तोडगा काढला: स्टेशनपर्यंत एक रिक्षा, मग स्टेशनच्या पुलावरून पायी, पलीकडे दुसरी रिक्षा. त्या निमित्ताने त्यांची भाजी पश्चिमेहून यायला लागली, आणि ती स्वस्त कशी मिळते हे आम्हाला रोज जेवताना ऐकावं लागलं.

26 फेब्रुवारी 2024ला पुलाची एक बाजू उघडली. आम्ही हौसेने बघायला गेलो. नवा गोखले वर, आणि ज्याला तो जोडायचा तो बर्फीवाला उड्डाणपूल पार खाली! मधे पुरुषभर उंचीचा फरक. शेजारी एक काका खिशात हात घालून उभे होते. बराच वेळ बघून म्हणाले, "पायऱ्या करणार असतील."

पायऱ्या नाही केल्या. बर्फीवालाचं टोक जॅक लावून उचललं, एका अंगाला 1,397 मिलिमीटर, दुसऱ्या अंगाला 650. जुलैत त्यावरून गाड्या सुटल्या. चूक हत्तीएवढी आणि मोजमाप सोनाराचं, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

लोअर परळ
डिलाईल रोडचा पूल. बंद जुलै 2018, पूर्ण सुरू नोव्हेंबर 2023. मधे कोविड येऊन गेला, आमचं ऑफिस घरी आलं, परत गेलं, पूल होता तिथेच. शेवटी शेवटी तर उद्घाटनाआधीच एका रात्री बॅरिकेड हटवून गाड्या सोडल्या गेल्या आणि त्यावरून गुन्हा दाखल झाला. पूल बंद म्हणून वैतागलेली माणसं पाहिली होती. तो उघडला म्हणून पोलिसात जाणं नवीन होतं.

माझगाव
पाच वर्षांची काय कौतुकं सांगता? आमचा हँकॉक जानेवारी 2016ला पाडला. त्यावरून गाड्या पुन्हा धावायला ऑगस्ट 2022 उजाडला. बाकी चालू द्या.

मस्जिद बंदर
आमच्याकडे कर्नाक. 1868चा. नोव्हेंबर 2022मध्ये 27 तासांचा ब्लॉक घेऊन उतरवला. हातगाडीवाल्यांचे सगळ्यात जास्त हाल. माणूस वळसा घालतो, पण मालाने भरलेली गाडी वळवायची म्हणजे दम निघतो. चढावर गाडी अडली की मागचा गडी चाकाखाली लाकडाचा ठोकळा सरकवतो. तो ठोकळा गाडीलाच सुतळीने लटकवलेला असतो, कडा झिजून पार गोल झालेला. मालापेक्षा जास्त जपतात त्याला.

10 जुलै 2025ला नवा पूल सुरू झाला, नाव सिंदूर. मी गिऱ्हाइकाला "कर्नाकवरून खाली उतरा" सांगतो, त्याचा मुलगा मोबाइलवर सिंदूर शोधतो, दोघं एकाच वेळी पोचतात.

प्रभादेवी
एल्फिन्स्टन पूल 12 सप्टेंबर 2025च्या रात्री बंद झाला. त्या जागी दुमजली पूल येणार, वरचा मजला शिवडी-वरळी जोडरस्त्याचा. म्हणजे उद्या इथून अटल सेतूला सुसाट. तूर्तास आमची आत्या रुळांच्या या बाजूला आणि तिचं केईएम त्या बाजूला. टॅक्सी दादरच्या टिळक पुलावरून किंवा करी रोडवरून. करी रोडचा पूल दुपारी तीनपर्यंत एका दिशेने, मग उलट. आत्याने डॉक्टरांकडची वेळ दुपारची मागून घेतली; म्हणे जाताना पूल आपल्या बाजूने असो वा नसो, येताना तरी असावा. डॉक्टर हसले आणि त्यांनी ती दिली, कारण तेही वरळीहून येतात.

शीव
आमचा 1912चा, ऑगस्ट 2024पासून बंद. एक प्रश्न होता. शनिवारी संध्याकाळी प्रभादेवी स्टेशनला उतरून केईएमला पेशंट बघायला जायचंय. कसं जावं?

प्रभादेवी
टॅक्सीत बसू नका. पादचारी पुलाने परळच्या बाजूला उतरा आणि चालत जा. शहाळं पलीकडेच घ्या, जिन्यावर ओझं नको.