संत्री-मोसंबीचा रस काढायचं विजेचं यंत्र : तुमच्या घरात कोणतं टिकलं?

केवड्याचं पान
काल मंडईत जालन्याची मोसंबी दिसली आणि आजोळचं काचेचं भांडं आठवलं. मधे खाचांचा उंच घुमट, भोवती खोलगट ताटली, एका बाजूला चोच. घरात कुणी तापातून उठलं की मामी त्यावर मोसंबी फिरवायची. बिया बोटाने बाजूला सारायची, साखर नाही, मीठ नाही, पेला थेट हातात. ती चव अजून जिभेवर आहे.

आता आमच्या सासूबाईंना आमवात आहे. मनगट फिरत नाही. पण नातवाला रस स्वतःच काढून द्यायचा असतो, दुसऱ्याने दिलेला त्यांना चालत नाही. म्हणून विजेचं घ्यायचं ठरवलंय. दुकानात दोन प्रकार दाखवले. एक तळहाताने वरून दाबलं की फिरतं, तीस-चाळीस वॉटचं, हलकं. दुसरं दांडा खाली ओढायचं, शंभर वॉटच्या वरचं, चांगलंच जड. किमतीत बरंच अंतर आहे. माहितीपत्रकं वाचून झाली, आता वापरलेल्यांचे अनुभव हवेत. काय टिकलं, धुवायला काय सोपं, वयस्कर हातांना काय झेपलं. विषयांतर चालेल, मनमोकळं लिहा.

वऱ्हाडी ठेचा
आधी फळ कोणतं ते ठरवा ताई, मग यंत्र. आमची वरूडकडे संत्र्याची बाग आहे म्हणून सांगतो, नागपुरी संत्र्यासाठी हे यंत्र घेऊच नका. आपल्या संत्र्याची साल सैल. अर्धं कापून घुमटावर दाबलं की साल हातात फिरते, आतल्या फोडी गोळा होतात, निम्मा रस सालीतच राहतो. मोसंबीची साल गराला घट्ट धरून असते, तिला हे यंत्र उत्तम. बाहेरून येणारी घट्ट सालीची संत्री असतात तीही चालतात.

आमच्या घरी संत्रं सोलतात, बिया काढतात, फोडी मिक्सरमध्ये अगदी दोन झटके फिरवून गाळतात. बी भरडली गेली तर कडू होतं, म्हणून झटकेच. आंबिया बहार दिवाळीच्या पुढेमागे निघतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये. मृगाचं संत्रं गोडीला जास्त, माझं मत विचाराल तर रस त्याचाच करावा.

सायलीची आई
दांड्याचं घ्या!! आमवात असेल तर दुसरा विचार करू नका. तळहाताने दाबायच्या यंत्रात मोटर फक्त फिरवते, जोर आपल्यालाच लावावा लागतो आणि तो सगळा मनगटावर येतो. माझ्या आईची बोटं वाकलीत, तिला ते जमलंच नाही. दांडा असला की खांद्यापासून वजन टाकता येतं, फळ हातात धरावं लागत नाही. फक्त जड आहे, उचलून कपाटात ठेवणं विसरा. ओट्यावर कायमची जागा आहे का बघून घ्या. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

केवड्याचं पान
@सायलीची आई, हे कुणी सांगितलंच नव्हतं! दुकानातला मुलगा म्हणाला, विजेचं म्हणजे हाताला त्रास नाही. ओट्याची जागा मोजते आज.
@वऱ्हाडी ठेचा, मोसंबीच मुख्य. पण मृगाच्या संत्र्याचं ऐकून तोंडाला पाणी सुटलं.

तांब्याची तार
घरगुती यंत्रं दुरुस्त करतो, म्हणून थोडं लिहितो. लहान यंत्रं जळून येतात त्याचं कारण बहुतेक वेळा एकच, फार जोरात दाबणं. घुमट अडतो, मोटर गुरगुरते, तरी माणूस दाबत राहतो आणि वाइंडिंग तापतं. घुमट थांबला की हात उचला. बऱ्याच यंत्रांत परत दाबलं की तो उलट्या दिशेने फिरतो, तेवढ्याने अडकलेला गर सुटतो. सलग किती वेळ चालवायचं ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं, तेवढं पाळा. दहा जणांचा रस एका दमात लहान यंत्रावर काढू नये, मधे थंड होऊ द्यावं.

दुसरं. विकत घेतानाच विचारा की घुमट आणि जाळी सुटी मिळते का. मोटर चांगली असते आणि दीडशे रुपयांच्या प्लॅस्टिकपायी यंत्र भंगारात जातं, मला फार वाईट वाटतं.

पारिजात ४११
दुसऱ्या मुद्द्याला शंभर टक्के. आमच्या यंत्राच्या जाळीचा दात तुटला, कंपनीचं नाव घेत नाही, पण उत्तर आलं की ते मॉडेल बंद झालं, नवीन घ्या. सध्या तेच यंत्र जाळीशिवाय वापरतेय, रस चहाच्या गाळणीने गाळते. चालतं.

हडसनकाठची
न्यू जर्सीहून. इथली यंत्रं आईबाबांसाठी भारतात नेऊ नका. इथली वीज १२० व्होल्ट, तिकडची २३०. पिन बदलणारा छोटा अडॅप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्टेज नाही. बहिणीच्या घरी असं नेलेलं यंत्र लावल्याबरोबर धूर! ट्रान्सफॉर्मर घेऊन चालवता येतं, पण एवढा ठोकळा ओट्यावर कोण ठेवणार? तिकडचंच घ्या.

सायलीची आई
आले परत. धुण्याचं. रस काढल्याबरोबर जाळी नळाखाली धरा, पाच मिनिटं जरी राहिली तरी गर सुकून छिद्रांत बसतो. जुना मऊ टूथब्रश त्यासाठीच ठेवलाय. मोटरचा भाग कधीही पाण्याखाली नाही, ओल्या फडक्याने पुसायचा. आणि भांडं, जाळी, घुमट तिन्ही सुटे होतात ना ते दुकानात उघडून बघा.

चिंचपेटी
आमच्याकडे लिंबांसाठी घेतलं होतं, उन्हाळ्यात सरबताचा अर्क करून ठेवतो म्हणून. कागदी लिंबू मोठ्या घुमटावर नीट बसत नाही. दोन आकारांचे घुमट येतात, लहानावर मोठा टोपीसारखा बसतो, ते बघून घ्या. रोजच्या वरणावर पिळायच्या एका लिंबासाठी मात्र चिमटाच, यंत्र काढा-धुवा कोण करणार.

पिळलेल्या साली टाकू नका हं. मीठ लावून बरणीत भरायच्या, वर थोडा लिंबाचा रस, चांगल्या मुरल्या की तिखट-गूळ घालायचं. आमच्या आजीचं उपासाचं लोणचं हेच, फक्त हिंग-मोहरी नाही.

पारिजात ४११
@चिंचपेटी, साल कडू नाही लागत?

चिंचपेटी
मुरेपर्यंत लागते. पातळ सालीची लिंबं घ्यायची आणि धीर धरायचा. घाई झाली तर मीठ लावायच्या आधी साली वाफवून घे.

रातपाळी
मी नर्स आहे. एक मुद्दा कुणी लिहिला नाही, आवाज. मिक्सर पहाटे लावला तर अख्खी चाळ उठते. हे यंत्र त्यामानाने पुष्कळ शांत. रात्रपाळी करून आले की घरचे झोपलेले असतात, मी माझा पेलाभर रस काढते, खिडकीत बसून पिते. दिवसातली तेवढी दहा मिनिटं माझी.

आणि मधुमेह असेल घरात तर फळ खाणंच बरं, एका पेल्यात तीन-चार मोसंब्या जातात आणि चोथा निघून जातो. सासूबाईंची साखर कशी आहे?

केवड्याचं पान
@रातपाळी, साखर ठीक आहे त्यांची, काळजीने विचारलंत, बरं वाटलं. तुमच्या खिडकीतल्या पेल्याला माझ्याकडून एक मोसंबी!

माडाची झाप
म्हापशाहून. पपनस चालेल का यावर? गणपतीच्या माटोळीला बांधलेले असतात, नंतर एवढ्यांचं काय करायचं हा दरवर्षीचा प्रश्न.

रातपाळी
पपनस घुमटावर बसायचं नाही, आकारच मोठा. सोलून, पांढरी पापुद्री काढून फोडीच खा. मात्र घरात कुणी कोलेस्टेरॉलच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ग्रेपफ्रूटमुळे काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं, सिमव्हास्टॅटिन त्यातलीच एक. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्र्याच्या संकरातून आलेलं, त्यामुळे पपनसालाही तीच खबरदारी.

माडाची झाप
बाबा नेमकी कोलेस्टेरॉलची गोळी घेतात!! आजच विचारते. देव बरें करूं.

वऱ्हाडी ठेचा
मोसंबीचा रस काढून फ्रिजात ठेवणाऱ्यांसाठी. काढल्यावर गोड आणि तासाभराने कडू, असं होतं ना? त्यात फळाचा दोष नाही. पांढऱ्या सालीत आणि बियांत एक द्रव्य असतं, ते रसात उतरलं की आंबटपणामुळे हळूहळू त्याचं कडू लिमोनिन होतं. म्हणून पांढरं लागेपर्यंत घुमटावर दाबू नका, शेवटचे चार थेंब सोडून द्या, आणि काढला की प्या. कापताना आडवं कापा, देठाकडून उभं नाही, सगळ्या फोडी उघडतात.

घाटावरचा
डाळिंब?

तांब्याची तार
फिरत्या घुमटावर नको, दाणे भरडतात, साल खरवडली जाते, तुरट होतं. दांड्याचा नुसता दाबायचा हातप्रेस मिळतो, त्यात अर्धं डाळिंब चांगलं दाबलं जातं. त्याला वीजच लागत नाही.

घाटावरचा
धन्यवाद. सोलापूरहून पेटी आली आहे, दाणे सोलून बोटं काळी झाली सगळ्यांची.

सायलीची आई
@केवड्याचं पान, अजून एक राहिलं. सासूबाईंना दुकानात सोबत घेऊन जा. दोन मोसंब्या पिशवीत न्या, आमच्या दुकानदाराने आईला करून बघू दिलं होतं. दांड्याची उंची महत्त्वाची. आई ठेंगणी आहे, आमच्या ओट्यावर तो दांडा तिच्या डोक्याच्या वर जात होता. मग यंत्र खालच्या टेबलावर मांडलं.

केवड्याचं पान
हे तर सोन्यासारखं सांगितलंत. शनिवारी नेते त्यांना. आत्ताच विचारलं तर म्हणाल्या, मोसंबी मी निवडणार.

पारिजात ४११
मोसंबीच्या सालींचं कुणी काही करतं का? ढीग होतो.

चिंचपेटी
बायोएन्झाइम. गूळ एक भाग, साली तीन भाग, पाणी दहा भाग. तीन महिने ठेवायचं, गाळून फरशी पुसायच्या पाण्यात घालायचं.

पारिजात ४११
काचेच्या बरणीत चालेल?

चिंचपेटी
नको! गॅस होतो, काच फुटू शकते. प्लॅस्टिकची बाटली घे, वर बरीच जागा रिकामी ठेव आणि पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून गॅस सोड. बाटलीवर तारीख लिही, नाहीतर घरात कुणीतरी सरबत समजून पेल्यात ओतेल.