अंधेरी सोडून चियांग माई: स्वस्ताईसाठी देश सोडावा का?

लोकलवाला२८:
अंधेरीत वन बीएचकेचं भाडं 45 हजार. अकरा महिन्यांचा करार संपत आला की पोटात गोळा येतो. पगार चांगला आहे, तरी महिनाअखेरीस हातात काही उरत नाही. काम सगळं घरूनच. उत्तर थायलंडमधल्या चियांग माई शहरात सामानासकट एक खोली 10 हजार बाहतला (तिथलं चलन), म्हणजे 27 हजार रुपयांच्या आसपास मिळते. परदेशी कंपनीचं काम तिथे राहून करणाऱ्यांसाठी थायलंडने जुलै 2024 मध्ये डीटीव्ही व्हिसा आणलाय. 5 वर्षांचा, एका खेपेला 180 दिवस राहता येतं. तिशीच्या आत जावं असं मनापासून वाटतंय. तुमचं मत?

गोदाकाठ:
असहमत. घरूनच काम आहे ना? मग नाशिकला ये. निम्म्याहून कमी भाड्यात दोन खोल्या मिळतील, आईवडील रात्रीत पोचतील एवढ्या अंतरावर. त्या व्हिसासाठी 5 लाख बाहत खात्यात दाखवावे लागतात. तेरा लाखांच्या वर रुपये झाले ते! एवढे साठवलेल्या मुलाने इथे घराचा पाया घालावा.

मुपो_थायलंड:
काका, तुम्ही काळजीने लिहिलंय, पण मी एकटी मुलगी. इकडे घर बघायला गेले की लग्न कधी, रात्री कोण येणार, नॉनव्हेज खाता का. चियांग माईत पासपोर्ट दाखवला, दोन महिन्यांचं डिपॉझिट दिलं, किल्ली हातात. दीड वर्ष राहिले. रात्री अकराला चालत घरी यायचे आणि मागे वळून बघायचे नाही. माझ्यासाठी स्वस्ताईपेक्षा हे मोठं होतं.
शाकाहारी असशील तर पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेलं दिसलं की निर्धास्त बस; नाहीतर भाजीतही फिश सॉस असतो. मात्र फेब्रुवारी ते एप्रिल जपून. शेतं आणि जंगलं जळतात, खिडकीतून रोज दिसणारा डोई सुथेपचा डोंगर दिसेनासा होतो. संध्याकाळी मास्क काढला की आतून करडा. मार्चमध्ये मी खोकत खोकत ठाण्याला परतले होते.

ताळेबंद:
आधी कंपनीला लेखी विचार. पुष्कळ कंपन्या घरून काम म्हणजे भारतातूनच काम धरतात. शिवाय तिथे वर्षात 180 दिवस भरले की तू त्यांचा कर-रहिवासी. 2024 पासून बाहेरून आत आणलेल्या कमाईवरही कर आहे. दोन्हीकडचं गणित सीएकडून करून घे.

कोकणकडा:
मला वेगळंच खुपतं. ते शहर आपल्याला स्वस्त आहे, कारण तिथल्या माणसाची किमान मजुरी दिवसाला 400 बाहतच्याही आत आहे. आमच्या गावात मुंबईकरांनी जमिनी घेतल्या, आता गावच्या पोराला तिथे गुंठाही झेपत नाही. तेच आपण दुसऱ्याच्या गावात जाऊन करायचं?

मुपो_थायलंड:
हा प्रश्न मलाही पडायचा. पण मग अंधेरीतल्या त्या मुलानेही अंधेरीत यायला नको होतं का? माणूस परवडेल तिथे जाणारच.

कोकणकडा:
अंधेरीत तो त्याच बाजारात कमावतो, तिथेच मतदान करतो. तिकडे फक्त खर्च करणार. फरक आहे, ताई.

लोकलवाला२८:
सगळ्यांचं दोनदा वाचलं. कोकणकडा, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. काका, आईचा गुडघा दुखतोय, म्हणून रात्रीत पोचण्याचं जिव्हारी लागलं. कंपनीला आज मेल टाकतोय. हो म्हणाले तर नोव्हेंबर ते जानेवारी, तीनच महिने. ताई, एवढ्या मुदतीसाठी खोली देतात का?