जोशी परिवार ग्रुप: संजूच्या चिनी कॅप्सूल

सुमनआत्या: वैशाली, काल व्हिडिओ कॉलवर संजूच्या उशाशी चिनी अक्षरांचं खोकं दिसलं. स्टेंट टाकून आठवडा नाही झाला, हे कसलं औषध?

वैशाली: आत्या, इथल्या हार्टच्या डॉक्टरांनीच दिलंय. थोंगशिनलुओ. चार-चार कॅप्सूल, दिवसातून तीनदा.

सुमनआत्या: आणि स्टेंटच्या गोळ्या? त्या बंद नाही ना केल्या?

रोहित: यात झुरळ असतं 😳 आत्ताच वाचलं. झुरळ, जळू, विंचू, गोम.

सुमनआत्या: शिव शिव. आपल्या घरात कधी अंडं शिजलं नाही!

रोहित: आत्या, दादा शांघायला काय काय खातो ते विचारूच नका.

वैशाली: रोहित 🙏🙏

बंडूदादा: अर्जुनसालीचा काढा. सकाळी रिकाम्या पोटी. मी गणपतीतच सांगितलं होतं.

मेघना: जिनसेंग आणि चंदनही असतं त्यात. थट्टा राहू दे. २०२३ मध्ये ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात मोठी चाचणी आली होती. चीनमधली १२४ हॉस्पिटलं, ३,७७७ पेशंट, सगळे संजूदादासारखे मोठ्या अटॅकचे. निम्म्यांना हे, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी कॅप्सूल. स्टेंट, गोळ्या वगैरे नेहमीचे उपचार दोन्हीकडे चालूच. पुन्हा अटॅक, स्ट्रोक, मृत्यू असं काहीतरी वर्षभरात झालं ते बिनऔषधी कॅप्सूलवाल्यांत ८.३ टक्क्यांना, हे घेणाऱ्यांत ५.३.

सुमनआत्या: म्हणजे चांगलं का वाईट ते सांग.

मेघना: शंभरातल्या तिघांचं टळलं. चांगलंच. मोठा रक्तस्राव वाढला नाही, पोटाच्या तक्रारी थोड्या जास्त. पण चाचणी फक्त चीनमधली. बाहेर कुणी पुन्हा करून बघेपर्यंत मी माझ्या पेशंटला लिहून देणार नाही. तिथले डॉक्टर देतायत तर दादाने घ्यावं.

बंडूदादा: चिन्यांचं चालतं, आपलं आयुर्वेद नाही. अर्जुनसाल.

मेघना: दादा, अर्जुनावर एवढी मोठी चाचणी होऊ दे, मी पण देईन.

बंडूदादा: बरं बाई. तू डॉक्टर, आम्ही अडाणी.

सुमनआत्या: स्टेंटच्या गोळ्यांचं कुणी सांगेल का? आम्हाला तर अटॅकच तीन दिवसांनी कळला. तोही स्टेटसवरून.

वैशाली: आत्या, मी एकटी होते. भाषा येत नाही, पोरगी तापाने फणफणलेली. फोन कुणाकुणाला करणार होते? दोन्ही गोळ्या चालू आहेत. फोटो टाकते. वरच्या कप्प्यात अ‍ॅस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर, खाली या चार कॅप्सूल. एक फुटली होती, भीमसेनी कापरासारखा वास आला.

मेघना: बरोबर. बोर्निऑल आहे त्यात, भीमसेनी कापरातही तेच असतं.

बंडूदादा: बघा! आपलंच उचललंय!! 🚩

मेघना: वैशाली, टिकाग्रेलॉर एक दिवससुद्धा चुकवू नकोस. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर या कॅप्सूल काही वाचवणार नाहीत.

नानाकाका: वैशाली, येताना माझ्यासाठी दोन खोकी आण. पैसे जीपे करतो.

मेघना: नानाकाका, अजिबात नाही. तुमचा मेटलचा व्हॉल्व्ह आहे, तुम्ही वॉर्फरिनवर, म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर. दानशेन म्हणून एक चिनी मुळी आहे, तिकडे हार्टला सर्रास देतात. वॉर्फरिनबरोबर ती घेऊन आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा, भलताच चढला, रक्तस्राव झाला, अशा केसेस नोंदलेल्या आहेत.

नानाकाका: या कॅप्सूलमध्ये आहे का ती?

मेघना: नाही. पण जळू आहे, तिच्या लाळेतलं द्रव्यही रक्त गोठू देत नाही. आणि चाचणी अटॅकच्या पेशंटवर झाली, व्हॉल्व्हवाल्यांवर नाही.

रोहित: काका, त्यापेक्षा तळ्यावर जाऊन पाय सोडून बसा, जळवा फुकट 😂

नानाकाका: तुझ्या बापाशी बोलतो मी.

बंडूदादा: अर्जुनसाल वॉर्फरिनला चालते का?

मेघना: विचारल्याशिवाय तीही नाही, दादा. वैशाली, उद्या फॉलो-अपला सगळ्या औषधांची एकच यादी ने. मला वेगळी पाठव, ग्रुपवर नको.

सुमनआत्या: ग्रुपवर का नको? आम्ही परके?

नानाकाका: वैशाली, दोन नको. एकच आण.