भरीत-पुरीतून उपचारनिधी: पैसे कोणाच्या खात्यात घ्यावेत?

प्रश्न: यावल तालुक्यातील आमच्या गावच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला असून त्याच्यावर मुंबईत उपचार सुरू आहेत. त्याच्यासाठी भरीत-पुरीचा कार्यक्रम ठेवून, म्हणजे जेवणाची कूपने विकून, निधी जमवायचा आहे. वांगी शेतकरी देणार आहेत, भाजायला पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) व ठेचायला बडजी (लाकडी भांडे) गावातच आहेत. अडले आहे ते पैशांपाशी.

उत्तर: कार्यकर्त्याच्या खात्यात पैसे मुळीच घेऊ नयेत. मुलगा व त्याची आई यांचे संयुक्त खाते उघडावे, प्रत्येकाला पावती द्यावी आणि जाहीर वर्गणीपूर्वी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी. आमच्याकडे एकदा हिशेब वहीऐवजी एकाच्या डोक्यात राहिला; भाऊबंदकी अजून मिटलेली नाही.

उत्तर: निधीआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. शिवाय राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आजच काढून ठेवावा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. दाखल्यासाठी उद्याच त्याच्या काकांना तहसील कार्यालयात पाठवतो. खाते उघडेपर्यंत कूपने छापणार नाही.