चिलखत स्त्रीच्या अंगावर येताच आखूड का होते?

प्रश्न: एकच पोलादी चिलखत पुरुष पात्राने घातले की गळ्यापासून घोट्यापर्यंत अंग झाकते आणि स्त्री पात्राने घातले की पोट व मांड्या उघड्या पडतात, असे अनेक व्हिडिओ गेममध्ये दिसते. यामागे काही तांत्रिक कारण असते का?

प्रतिसाद १: नसते. २०११ च्या ‘डार्क सोल्स’ या गेममध्ये बहुतेक चिलखते दोघांनाही सारखीच झाकतात.

प्रतिसाद २: उघड्या पोटापेक्षा मला छातीवर ठोकलेल्या दोन वाट्या अधिक खटकतात. युरोपातील कारागीर छातीचा पत्रा मुद्दाम बाहेर फुगवत, जेणेकरून भाल्याचे टोक घसरून बाजूला जावे. वाट्यांमधली खाच मात्र तेच टोक नेमके छातीच्या मधल्या हाडावर आणून सोडते. शिवाय आत जाड, टाके घातलेला अंगरखा असे, मग बाहेरून बांधा दिसणार कसा?

प्रतिसाद ३: कथेतून दिलेली कारणे तर याहून गमतीची असतात. २०१५ च्या ‘मेटल गिअर सॉलिड ५’ या गेममधील क्वाएट ही नेमबाज स्त्री त्वचेतून श्वास घेते, म्हणून ती बिकिनीत वावरते, परंतु २००४ च्या, याच मालिकेच्या तिसऱ्या भागातील, प्रकाशसंश्लेषण करणारा म्हातारा नेमबाज मात्र अंगभर कपड्यांत खुशाल जगतो.