सरकारी कार्डावरचा उपचार आणि कंपनीचा नफा: बडोदेकर, तुमचे अनुभव लिहा

दांडियाबाजारकर (धागा माझा):
आयुष्मान कार्ड आता बडोद्यात घरोघर झालंय. गुजरातेत राज्य सरकारची मोफत उपचाराची 'मा' योजना 2012 पासून होतीच, पुढे ती आयुष्मानशी जोडली गेली आणि 2023 मध्ये कुटुंबामागे मर्यादा 5 लाखांवरून 10 लाख झाली. पैसा सरकारचा म्हणजे आपलाच, दवाखाना बहुतेकदा खाजगी आणि सामान कुठल्यातरी कंपनीचं. या मधल्या मंडळींनी किती कमवावं याला सरकारने मर्यादा घालावी का? जिथे घातली तिथे काय झालं? मतं नकोत, ती व्हॉट्सअॅपवर पोत्याने मिळतात. स्वतः बघितलेलं, बिल हातात धरलेलं लिहा. दवाखान्याचं आणि डॉक्टरचं नाव मात्र टाकू नका.

कारेलीबागची सून:
सासूबाईंचा गुडघा. गुडघ्याच्या इम्प्लांटची, म्हणजे कृत्रिम सांध्याची, कमाल किंमत केंद्राने ऑगस्ट 2017 मध्येच बांधून दिली आहे, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. काउंटरवरच्या मुलाने कार्ड बघितलं नि म्हणाला, "बेन, कार्डमां सादो आवे. इम्पोर्टेड जोईए तो उपरथी आपवा पडशे." वरचे किती, विचारलं तर चिठ्ठीवर पेन्सिलीने आकडा लिहून दाखवला आणि चिठ्ठी परत खिशात! ह्यांनी तिथेच उभं राहून आयुष्मानच्या हेल्पलाइनला, 14555 ला, फोन लावला. पलीकडून कोणी बोलायच्या आत आतून एक साहेब आले, "गैरसमज झाला" म्हणाले. ऑपरेशन एक पैसा न देता झालं. सांधा साधाच बसवला, सासूबाई रोज कमाटीबागेत चालतात.
किंमत बांधली ती वस्तूची. "उपरथी" कोणी बांधलंय? केसपेपरवर इम्प्लांटचं स्टिकर चिकटवतात, लॉट नंबरसकट. त्याचा फोटो मागून घ्या, एवढं सांगते.

बाजवाड्याचे काका (निवृत्त, औषध कंपनीत कॉस्टिंग):
बडोदं हे औषधांचं गाव. 1907 साली अलेंबिक सुरू झाली तेव्हा संस्थापकांत प्रा. कोटीभास्कर हे आपले मराठी गृहस्थ होते. मी नोकरी केली ती दुसरीकडे, पण खर्चाचा कागद सगळीकडे सारखाच: मूळ औषध, बाकीची भुकटी, प्रोसेस लॉस, फॉइल, खोकं, मजुरी, वाफ-वीज. त्यावर सरकार सांगेल तेवढे टक्के.
नफ्यावर मर्यादा म्हटलं की आजची मुलं रशियाच आठवतात! अहो, आपल्याकडे औषधांच्या किमती बांधणाऱ्या 1970 च्या सरकारी आदेशात कंपनीच्या एकूण विक्रीवर करपूर्व 15 टक्के अशी सरळ मर्यादा होती. 1979 मध्ये औषधांचे गट पाडले आणि उत्पादनखर्चावर 40, 55, 100 टक्के चढवायची मुभा दिली. 1987 मध्ये 75 आणि 100. 1995 मध्ये किंमत बांधलेल्या औषधांच्या यादीत 74 मूळ औषधं उरली, त्यांवर सरसकट 100.
कंपन्यांनी काय केलं तेही सांगतो, कारण ते मी टेबलावर बघितलंय. यादीतल्या गोळीत पैसा सुटेना, की ती बनवायची कमी आणि शेजारचं, यादीबाहेरचं औषध एमआरमार्फत, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणाऱ्या कंपनीच्या माणसांमार्फत, जोरात खपवायचं. दोन औषधं एकत्र करून तिसरंच नाव द्यायचं. म्हणजे टोपी घातली एका डोक्यावर आणि धंदा गेला दुसऱ्या डोक्यावर.
तरी तेव्हा सरकार खर्चाचा कागद मागत असे. 2013 च्या आदेशाने तो मागणंच सोडलं. आता यादीतल्या औषधासाठी बाजारात 1 टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या ब्रँडांच्या किमतींची सरासरी काढायची, त्यावर दुकानदाराचे 16 टक्के, झाली कमाल किंमत. गोळी बनवायला काय लागलं, हा प्रश्नच नाही. महाग ब्रँडच जास्त खपत असतील तर सरासरी काय निघणार?

रावपुरा, ट्रस्टचा दवाखाना:
काकांच्या कागदाला जोड. आमच्याकडे बरीच औषधं लोकॉस्टची येतात. 1983 पासून बडोद्यातच आहे, धर्मादाय ट्रस्ट, गोळ्या स्वतः बनवते आणि खर्चाच्या जवळपासच्या भावात देते. वेष्टन इतकं साधं की पेशंट पट्टी उलटसुलट करून बघतात, "ताई, ही सरकारी का?" म्हणतात. नफा न काढता औषध बनतं, हे या शहरात बघायला मिळतं. फक्त त्यांच्याकडे एमआर नाही.

एक छोटा नर्सिंग होमवाला:
सगळे दवाखाने चोर असा सूर लागायच्या आत लिहितो. आमच्या कार्डावरच्या पॅकेजचा दर ठरलेला, त्यातच भूल, औषधं, जेवण, नर्स. क्लेम टाकला की "फोटो अस्पष्ट" म्हणून परत. पैसे कधी येतील ते देव जाणे. 2023 मध्ये गुजरातेत डायलिसिसचा दर 2000 वरून 1650 केला, तेव्हा नेफ्रॉलॉजिस्टांनी तीन दिवस कार्डावरचं काम बंद ठेवलं होतं. मर्यादा जरूर घाला, पण आधी नफा तरी होऊ द्या.

मांजलपूर:
डॉक्टरसाहेब, त्या तीन दिवसांत माझे वडील डायलिसिसवर होते. त्यांना सयाजी या सरकारी दवाखान्यात नेलं, गर्दी होती, पण झालं. तुमची अडचण खोटी म्हणत नाही. पण जिथे नेहमी जायचो तिथे वडिलांची रक्त गाळायची नळकांडी, डायलायझर हो, धुऊन पुन्हा वापरत. मार्करने नाव लिहून रॅकमध्ये ठेवलेली असे. पुन्हा वापरायला हरकत नाही, डॉक्टरांनी समजावलं होतं. फक्त मग 1650 मधला नळकांडीचा खर्च दरवेळी नवीन धरलाय की वाटून, हे कोणाला ठाऊक?

वाघोडिया रोड:
स्टेंटबद्दल. फेब्रुवारी 2017 मध्ये औषधी स्टेंटची, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या औषध लावलेल्या जाळीच्या नळीची, कमाल किंमत साधारण 29,600 ठरली, ते चांगलंच झालं, मामांच्या वेळी फायदा झाला. पण किंमत बांधल्याने एका स्टेंटमागचा नफा आटोक्यात येतो, स्टेंट किती घालायचे ते नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये कडी तालुक्यातल्या बोरिसणा गावातून शिबिरानंतर लोकांना अहमदाबादच्या खाजगी दवाखान्यात नेलं, अँजिओप्लास्टी केल्या आणि दोघे गेले. पैसे कार्डाचेच होते. आमच्या सोसायटीत मोफत तपासणीचं पत्रक आलं की आता आधी दुसऱ्या डॉक्टरला विचारतात.

दांडियाबाजारकर:
माझी भाची लेस्टरला फार्मसीत आहे. ती म्हणते, ब्रिटनमध्ये 1957 पासून कंपन्यांशी करार आहे. पूर्वी कंपनीच्या भांडवलावरच्या नफ्याला मर्यादा असायची. आता ब्रँडेड औषधांवरचा सरकारी खर्च ठरलेल्या वाढीच्या पुढे गेला की कंपन्या पैसे परत भरतात. कंपन्या कुरकुरतात म्हणे, पण भरतात.

बाजवाड्याचे काका:
मांजलपूरच्या प्रश्नाचं उत्तर कागदाशिवाय मिळणार नाही. डॉक्टरसाहेब, एका डायलिसिसचा खर्च मांडायचा का? मी रकाने आखून देतो, आकडे तुम्ही भरा.

एक छोटा नर्सिंग होमवाला:
भरतो. पण आरओ प्लांट आणि टेक्निशियनचा पगार धरणार असाल तरच.

बाजवाड्याचे काका:
धरणारच. आणि नळकांडी किती वेळा वापरता, तो रकाना पहिला.